पटावरचं नाव

(तेर येथे वडिलांच्या स्मरणार्थ झालेल्या उपासनेनंतर त्यांच्या कन्येने केलेले भाषण. त्या दिवशी येऊ न शकलेल्या वाचकांसाठी येथे देत आहोत.)



पप्पांना भाषणं आवडत नसत. त्यांच्या सेवानिवृत्तीच्या समारंभात सगळ्यांची भाषणं झाल्यावर ते उठले आणि म्हणाले, “मला पगार मिळत होता. जे राहिलं ते तुम्ही करा.” एवढं बोलून खाली बसले. त्यामुळे आज त्यांच्याविषयी बोलताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण पाळकसाहेबांनी सांगितलं, की पुष्कळ जणांना पप्पा ‘साहेब’ म्हणून माहीत आहेत, काहींना ‘गुरुजी’ म्हणून, पण ते या कामाला का लागले हे कोणालाच माहीत नाही. ते सांगायला मी उभी आहे.

आधी पप्पांना माती दिली त्या दिवसाचं सांगते. तुमच्यापैकी बरेच जण होतात. कब्रस्तानाच्या भिंतीला लागून सहा-सात माणसं उभी होती. मी त्यांना ओळखत नव्हते. आपण गीत गायला लागलो तेव्हा ती गात नव्हती, आपल्या तोंडाकडे बघत होती. शेवटी त्यांच्यातल्या एकाने दोन बोटं छातीवरच्या खिशापाशी नेली, तसंच मग सगळ्यांनी केलं. नंतर कळलं, ते पप्पांचे बहिरे विद्यार्थी होते. दोघं तर पुण्याहून रात्रीच्या गाडीनं आले होते. बहिऱ्या माणसांमध्ये प्रत्येकाला एक खुणेचं नाव असतं. पप्पांचं नाव होतं ‘खिशाला पेन’. ते पप्पांना नावानं हाक मारत होते.

आता घरातले पप्पा. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, भाऊ सहा वर्षांचा. सगळे म्हणाले, लेकरं आजोळी ठेवा, तुमची नोकरी फिरतीची. पप्पांनी ऐकलं नाही. पहाटे उठून ते भाकरी थापायचे. त्यांची भाकरी कधी गोल झाली नाही, पण कच्चीही राहिली नाही. मग माझ्या वेण्या घालायचे. पहिले काही दिवस इतक्या घट्ट घालायचे, की दिवसभर माझे डोळे ताणलेले असायचे. मग ते शेजारच्या काकूंकडे जाऊन रीतसर शिकून आले, वहीत आकृती काढून. हसू नका, ती वही अजून माझ्याकडे आहे.

संध्याकाळी शेवटच्या एस.टी.नं ते तेरला उतरायचे. दारात आले की चप्पल काढायच्या आधी आमच्या डोक्यावर हात ठेवून मोजायचे, “एक, दोन.” दोनच तर होतो आम्ही! तरी रोज मोजायचे.

पण रविवारी भक्ती संपली की सायकल काढून कुठल्यातरी गावाला जायचे. आम्हाला राग यायचा. आठवड्यातला एकच दिवस, तोही दुसऱ्यांच्या लेकरांचा. भावानं एकदा विचारलंच, “त्या पोरांना त्यांचा बाप नाही का?” पप्पा रागावले नाहीत. पुढच्या रविवारी त्याला सायकलच्या नळीवर बसवून बरोबर घेऊन गेले. संध्याकाळी भाऊ आला तो गप्प. रात्री अंथरुणात त्यानं मला सांगितलं, की त्या घरात दहा वर्षांची एक मुलगी होती आणि तिला पायाला दोरी लावून बाजेला बांधलं होतं. आई वाईट नव्हती. घराजवळ विहीर होती, मुलीला समज नव्हती आणि आईला खुरपायला गेल्याशिवाय चूल पेटत नव्हती. त्यानंतर भावानं रविवारबद्दल कधी तक्रार केली नाही.

मी स्वतः शिक्षिका झाले, नेमणुकीचा आदेश घेऊन घरी आले, त्या दिवशी पप्पांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, “बस. तुला एक गोष्ट सांगायची आहे. शाळेत पाय ठेवायच्या आधी ऐक.” ती गोष्ट मी त्यांच्याच शब्दांत सांगते.

“माझ्या नोकरीचं तिसरं वर्ष होतं. गावाबाहेर पारध्यांची चार-पाच पालं होती. तिथला एक मुलगा मी स्वतः जाऊन शाळेत आणला, पटावर घेतला. मला फार अभिमान वाटायचा. पण पोरगं हाक मारली तरी बघायचं नाही. पाटीवर काढ म्हटलं की शेजारच्याच्या पाटीत डोकवायचं. मध्येच उठून जायचं. मी छडी काढली. सहा महिने असे गेले. मग तपासणीच्या आधी मी त्याचं नाव कमी केलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘मंदबुद्धी, शिकण्यास अपात्र.’ माझं अक्षर सुंदर होतं.

“आठेक वर्षांनी मला विशेष शिक्षणाच्या प्रशिक्षणाला मुंबईला पाठवलं. मी बढतीच्या आशेनं गेलो होतो, खोटं कशाला बोलू? तिथं एक बाई शिकवत होत्या, की ऐकू न येणारं मूल वर्गात कसं ओळखायचं. म्हणाल्या, ते हाकेला वळत नाही, पण दार आपटलं की वळतं, कारण जमीन हादरते. सूचना दिली की आधी दुसऱ्याकडे बघतं, मग तसं करतं. सारखं बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतं. कंटाळलं की उठून जातं, कारण समोर नुसती हलणारी तोंडं असतात. मी लिहिता लिहिता थांबलो. ते पोरगं बहिरं होतं. आणि मी त्याला ऐकत नाही म्हणून मारत होतो.”

मी पप्पांना म्हणाले, त्या काळी कोणाला माहीत होतं हे सगळं? पप्पा म्हणाले, “त्याच्या आईला माहीत असेल. ती रोज शाळेच्या दाराशी उभी राहायची. मी तिला एकदाही काही विचारलं नाही.”

बंधुभगिनींनो, पप्पांची पुढची सगळी नोकरी या एका शेऱ्यातून निघाली. लोक म्हणतात त्यांना सेवेची आवड होती. आवड होतीच, पण तिच्या आधी हे होतं.

त्या प्रशिक्षणाहून ते परत आले ते वेगळेच होऊन. आमच्या घरात एक घंटी आली, वाटाण्यांचा डबा आला, रंगीत मणी आले. आम्हा भावंडांवर सगळे प्रयोग व्हायचे. मुलाच्या पाठीमागे उभं राहून, त्याला सावली दिसणार नाही, वारा लागणार नाही अशा बेतानं आवाज करायचा आणि बघायचं. कान फुटलेला असेल, पू येत असेल तर आधी डॉक्टर, मग अभ्यास. आपल्याकडे कान फुटणं हे किती घरांत सर्दी-पडशासारखं धरतात! त्यातनं मुलाचं ऐकणं हळूहळू कमी होतं आणि घरचे म्हणतात, पोरगं आडमुठं झालंय. पप्पा आणखी एक गोष्ट सगळ्यांना सांगायचे: मूल मुकं आहे असं म्हणू नका. बहुतेकांचा गळा चांगला असतो. जे कधी कानावर पडलं नाही ते मूल बोलणार कसं? म्हणून जितक्या लवकर कळेल तितकं बरं. पहिल्या दोन-चार वर्षांत मुलाला भाषा मिळाली पाहिजे, मग ती यंत्र लावून बोलण्याची असो नाहीतर खुणांची.

तेरणेच्या काठची माती आणून त्यांनी अक्षरं केली होती. ज्याला दिसत नाही त्यानं ती चाचपायची, ज्याला समजायला वेळ लागतो त्यानं ती स्वतः करायची. तेरच्या माणसाला माती काय शिकवायची? आपलं गाव गोरोबाकाकांचं. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, ही कथा इथं लहान पोरालाही ठाऊक आहे. पप्पा या कथेवर एक प्रश्न विचारायचे: “कच्चं निघालं म्हणून कुंभारानं मडकं फेकून दिलं का?” नाही. नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, गुरू केला. कच्चं आहे हे कळतं ते पुन्हा आव्यात घालण्यासाठी. “आम्ही शिक्षक मात्र थापटणं मारतो आणि फेकून देतो,” असं ते म्हणायचे.

आणि थापटण्याचंही एक गणित आहे. बुद्धी मोजण्याची जी चाचणी आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरली जाते, ती धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात परदेशी चाचणीवरून तयार केली. फार मोठं काम. पण ती केली कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी. पारध्याच्या लेकराच्या घरची बोली गुजरातीच्या जवळची. ते सहाव्या वर्षी शाळेत येतं आणि पहिल्यांदा शाळेचं मराठी ऐकतं. त्याला मराठीत प्रश्न विचारायचे, उत्तर आलं नाही की मंद म्हणायचं! पप्पा म्हणत, मूल कमी पडतंय की आपली भाषा, हे आधी ठरवा. ते स्वतः साठीला आले तरी पालावरच्या बायांकडून शब्द शिकत होते. पाणी, भूक, दुखतंय, ये, बस. त्यांचे उच्चार ऐकून बाया हसायच्या. हसू दे म्हणायचे, हसलं की माणूस बोलतं.

या जमातींचं दुखणं तुम्हाला मी सांगायला नको. १८७१ च्या कायद्यानं देशातल्या कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का कागदावरून पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, लोकांच्या मनातून अजून पुसायचा आहे. अशा घरात बहिरं किंवा आंधळं लेकरू जन्मलं तर ते दोनदा मागे राहतं. जन्माची नोंद नाही म्हणून जातीचा दाखला नाही, आणि ओळखीचा कागद नाही म्हणून अपंगत्वाचं प्रमाणपत्र नाही.

पप्पा स्वतःला समाजसेवक म्हणवून घेत नसत. “मी सरकारी नोकर आहे,” असं ताठ मानेनं म्हणायचे. आपल्या मंडळीला मिशनऱ्यांच्या कामाचं कौतुक आहे, त्यांनाही होतं. १८८५ च्या सुमारास मुंबईत कॅथलिक मिशननं बहिऱ्या मुलांची शाळा काढली, १९०० साली दुष्काळानंतर अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा सुरू केली, हे ते अभिमानानं सांगायचे. पण पुढे म्हणायचे, “मिशनच्या शाळेत शंभर मुलं बसतील. बाकीच्यांना सरकारच पुरं पडेल. म्हणून सरकारात कोणीतरी आपला माणूस पाहिजे, आणि तो वेळेवर कचेरीत पाहिजे.”

अपंग मुलांना नेहमीच्या शाळेत शिकवण्याची केंद्राची योजना १९७४ ची. १९९५ साली कायदा झाला आणि अशा मुलाला अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळालं पाहिजे असं त्यात आलं. २००९ ला शिक्षण हक्काचा कायदा आला. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. प्रत्येक वेळी पप्पा राजपत्राची प्रत आणायचे, लाल पेन्सिलीनं खुणा करायचे आणि ती पिशवीत ठेवून हिंडायचे. एका कचेरीत त्यांना कोणीतरी म्हणालं, “साहेब, या पोरांना शिकवून काय होणार?” पप्पांनी वाद घातला नाही. कलमावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “काय होणार ते यात विचारलेलं नाही. प्रवेश द्या एवढंच लिहिलंय.”

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण कोणीच विसरणार नाही. विसर्जनाची रात्र संपत होती आणि चार वाजायच्या आत जमीन हादरली. तेरलाही आम्ही अंगणात धावलो. पप्पांनी आमच्या डोक्यावर हात ठेवले, “एक, दोन.” उजाडल्यावर आम्हाला काकूंकडे सोपवून ते निघाले ते बारा दिवसांनी आले. तिथं सगळे जखमी मोजत होते, मयत मोजत होते. पप्पा तंबूतंबूत फिरून विचारत होते, या घरात आधीपासून न चालणारं, न ऐकणारं कोणी होतं का? ज्यांच्याविषयी सांगणारं माणूसच उरलं नव्हतं, अशी लेकरं त्यांनी शोधली. ढिगाऱ्याखाली पाय गमावलेली मुलं पुढं कित्येक वर्षं त्यांच्या यादीत होती. कुबड्या मिळाल्या म्हणून ते थांबायचे नाहीत. मूल वाढतं, कुबडी वाढत नाही, असं म्हणून दर वर्षी मापं घ्यायला जायचे.

ती यादी म्हणजे हे रजिस्टर. मी आज मुद्दाम आणलंय. वर त्यांनी एकच शब्द लिहिलाय, ‘राहिलेले’. आत पाच रकाने आहेत: नाव, गाव, काय राहिलं, कोण करणार, झाल्याची तारीख. कोणाचं जन्माचं प्रमाणपत्र राहिलंय, कोणाचं कानाचं यंत्र दुरुस्त व्हायचंय, कोणाच्या आईला समजावायचंय. ‘कोण करणार’ या रकान्यात जवळजवळ सगळीकडे ‘मी’ लिहिलंय. एका प्रमाणपत्रासाठी आईचे तीन-तीन रोज बुडतात हे बघून ते आधी स्वतः जाऊन तपासणीचा दिवस ठरवून यायचे, मग सगळ्यांना एकाच दिवशी न्यायचे. तीन रोजांचं काम एका रोजात. पप्पांची सेवा म्हणजे बहुतेक वेळा असलीच कामं. त्यांचे कोणी फोटो काढत नाही.

या रजिस्टरातलं पहिलं नाव त्या पारध्याच्या मुलाचं आहे.

पप्पांनी त्याला पुष्कळ वर्षं शोधलं. पालं उठतात, माणसं पांगतात. जिथं पालं दिसतील तिथं त्याच्या आईचं नाव घेऊन विचारायचे. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी एका आठवडी बाजारात तो सापडला. चाळिशी ओलांडलेला, बायको-लेकरं असलेला. पप्पा समोर जाऊन उभे राहिले. त्यानं त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं, आणि मग उजवा तळहात पुढे केला. छडी खायला पोरं करतात तसा.

पप्पांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. पुढे काय झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

त्याचं प्रमाणपत्र त्यांनी मिळवून दिलं, निराधार योजनेच्या पगारासाठी खेटे घातले. पण चाळिशीत माणसाला भाषा देता आली नाही. थोड्या खुणा जमल्या, तेवढंच. त्याची मुलगी तेव्हा सात वर्षांची, ऐकू येणारी, शाळेत न जाणारी. तिचं नाव पप्पांनी पटावर घातलं आणि दहावी होईपर्यंत तिच्या मागे राहिले. ती आज इथं बसली आहे. नाव घेतलं तर लाजेल.

मी एकदा म्हणाले, “पप्पा, मुलगी शिकली, आता तरी त्या पहिल्या नावापुढे तारीख घाला.” म्हणाले, “तिची ओळ वेगळी आहे. तिच्यापुढे घातलीय. त्याची त्याच्यापुढे पाहिजे.” तो रकाना त्यांनी शेवटपर्यंत कोरा ठेवला. हे बघा, कोराच आहे.

शंभर मेंढरांचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. हरवलेलं एक शोधायला मेंढपाळ गेला, यावर आपण पुष्कळ प्रवचनं ऐकली. पप्पा मला म्हणाले होते, “एक हरवलंय हे त्याला कळलं कसं? त्यानं संध्याकाळी मोजली होती म्हणून.” आमच्या डोक्यावर हात ठेवून ते रोज का मोजायचे, ते मला तेव्हा कळलं.

म्हणून आज माझं तुमच्याकडे मागणं आहे. देणगी द्यालच, आपल्या संस्थेच्या वसतिगृहाला तिची गरज आहे. पण त्याआधी मोजा. वसतिगृहात नवीन आलेल्या प्रत्येक लेकराचे कान आणि डोळे पहिल्या महिन्यात तपासून घ्या, अभ्यासात मागे आहे असं म्हणण्याच्या आधी. ज्याच्याकडे जन्माची नोंद नाही त्याची नोंद करायला तुमच्यापैकी एकानं एक दिवस रजा काढा. आणि आपापल्या गावात, आपल्या मंडळीच्या घरांतही, आतल्या खोलीत ठेवलेलं एखादं लेकरू असेल. आपल्याला माहीत असतं आणि आपण विचारत नाही. विचारा. त्याच्या आईला विचारा.

पप्पांच्या रजिस्टरात अजून एकतीस ओळींपुढे तारीख नाही. चहाच्या वेळी ते त्या टेबलावर ठेवते. शेजारी पेन आहे, पप्पांचंच. ‘कोण करणार’ या रकान्यात जिथं ‘मी’ लिहिलंय, त्याच्या खाली ज्याला जमेल त्यानं आपलं नाव लिहावं.